पुढे कोण, मागे कोण

केतकी,

फ्रिजवरचा कागद मी अजून काढलेला नाही. मंदारनं परवा विचारलं, "आई, आत कुठेतरी ठेवू का हा? सारखा समोर येतो." मी नको म्हटलं. त्यानं कागदावरचं टोमॅटोच्या आकाराचं चुंबक सरळ केलं आणि कामाला बसला. त्याला तुझ्या अक्षराकडे बघवत नाही. मला बघवतं. तुझं अक्षर माझ्यासारखंच आहे, मोठं मोठं आणि ओळ सोडून वर चढत जाणारं. तू म्हणायचीस, "आई, मराठीत आपण दोघी चौथी पास." तू टेक्सासमधल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकलीस, मी बार्शीत. पण चौथी ती चौथी.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. हे मी तुझ्या इराच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. समोर माणूस असलं की माझं तोंड उघडत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तू असताना बोलले नाही, आणि आता बोलतेय. हे काही बरोबर झालं नाही, पण तसं झालं आहे.

मी पहिल्यांदा अमेरिकेत, ओमाहाच्या विमानतळावर उतरले, तेव्हा मंदार दिसलाच नाही. अंगावर मळकट हिरव्या ठिपक्यांचे कपडे आणि पायात जाड बूट घातलेली एक बाई माझ्याकडे झपझप येताना दिसली. मला वाटलं, बॅगेतली शेंगाचटणी पकडली. तुमच्या लग्नात मी तुला चार दिवस पाहिलं होतं, ते शालू आणि नथीत. मी घाबरून पासपोर्ट पुढे केला. तू तो घेऊन खिशात ठेवलास आणि एवढ्या लोकांत, त्या बुटांत, वाकून माझ्या पायांना हात लावलास. "आई, तू दमली असशील. मंदार बाळाला घेऊन गाडीत आहे."

तू मला 'तू' म्हणालीस. घरी आल्यावर मंदारनं तुला काहीतरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही' सुरू झालं. ओल्या फरशीवरून चालल्यासारखं जपून जपून बोलायचीस. मला सांगायचं होतं की 'तू'च बरं होतं गं. ते सांगायला मला एक वर्ष लागलं. आपण कोथिंबीर निवडत होतो, तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, "मला तू म्हटलंस तरी चालेल." तू काड्या हातातच धरून म्हणालीस, "फायनली! आई, माझी जीभ दुखायला लागली होती."

तुझ्या कामाचं मला पहिल्यांदा कळलं ते भोंग्यामुळे. मला इथे येऊन महिना झाला नव्हता. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर सगळ्या गावावरून भोंगा वाजायला लागला. मी तान्ह्या इराला उचललं आणि तळघरात जाऊन बसले. तुला फोन लावला तर लागेना, कारण तुझ्या ऑफिसात फोन आत नेऊच देत नव्हते. मंदार मीटिंगमध्ये. तो दीड तासानं खाली आला, तेव्हा मी इराला पदरात गुंडाळून कपडे धुण्याच्या मशीनमागे बसले होते. संध्याकाळी तू आलीस, बूटसुद्धा न काढता तळघराच्या पायरीवर माझ्याजवळ बसलीस. हसली नाहीस.

"आई, ती टेस्ट होती. वादळासाठीचा भोंगा आहे. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वाजवतात."

"काही नसताना?"

"काही नसताना वाजवला तरच कळणार ना, की असताना वाजेल." मग म्हणालीस, "माझं कामही बरंचसं हेच आहे. लाइन लागते ना, ते बघायचं."

मी विचारलं, "कुठली लाइन?"

तू माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंस, की मी काही भलतं विचारलं का असं मला वाटलं. मग म्हणालीस, "लग्नाला पाच वर्षं झाली. घरात मला हे कुणीच विचारलं नाही." मंदार विचारायचा नाही. तुझं काम गुप्त असतं, विचारून तुला अडचणीत कशाला टाका, असं त्याला वाटायचं. तू म्हणालीस, "जे पेपरात येतं तेवढं सांगू शकते. तेही खूप आहे."

शनिवारी मी भाकऱ्या करत होते, तेव्हा तू ओट्यावर मिठाचा डबा आणि साखरेचा डबा ठेवलास आणि त्यांच्या वर एक लिंबू धरलंस.

"हे लिंबू म्हणजे आकाशातला उपग्रह. हा मिठाचा डबा म्हणजे कोलोरॅडोतली लष्करी कमांड. आकाशातलं सगळं तिच्याकडे. लिंबू नीट चालतंय का, त्याला कुणी धक्का मारतंय का, कुणी त्याचा आवाज दाबतंय का, ते ती बघते. हा साखरेचा डबा म्हणजे इथली, नेब्रास्कातली. तिच्याकडे सगळ्यात वाईट हत्यारं. अणुबॉम्ब. राष्ट्राध्यक्षांचा निरोप त्या हत्यारांजवळच्या लोकांपर्यंत पोचलाच पाहिजे, ही हिची जबाबदारी. आणि तो निरोप जातो लिंबातून."

"म्हणजे लिंबू एकीकडे, निरोप दुसरीकडे."

"येस! आई, हे समजायला मला सहा महिने लागले होते."

"आणि लिंबात बिघाड झाला तर?"

"तर मिठाचा डबा म्हणणार, दोन तास बंद करू, दुरुस्त करू. साखरेचा म्हणणार, दोन मिनिटंसुद्धा नाही."

"मग तू कुणाच्या बाजूची?"

"मी मिठाची. पण बसते साखरेत. इथल्यांना तिथलं सांगायचं, तिथल्यांना इथलं सांगायचं, आणि दोघांची बोलणी खायची."

माझा भाकरी थापणारा हात थांबला. "म्हणजे सूनच की गं तू."

ओट्यावर कपाळ टेकून हसलीस. केसांना पीठ लागलं तरी हसतच होतीस. सोमवारी ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलंस. सून म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला तुला किती वेळ लागला असेल देव जाणे, पण तेव्हापासून तुझी ती पांढऱ्या केसांची कर्नलबाई तुला 'मेजर सून' म्हणायला लागली. बाकी सगळ्यांची तू केट होतीस. ती बाई एकदा जेवायला आली होती. मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. तीच ताट घेऊन आत आली, उभ्यानं भाकरी खाल्ली आणि शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली.

पण मला तुमची ती पद्धत पटली नव्हती. मी तुला म्हटलं होतं, दोघींकडे दिलेलं काम कुणाकडेच नसतं. हे मी उगीच म्हटलं नव्हतं. बार्शीच्या घरात मी आणि थोरल्या जाऊबाई, स्वयंपाकघर एक. मंदार तेव्हा दीड वर्षाचा. मला वाटलं तो त्यांच्याजवळ आहे, त्यांना वाटलं माझ्याजवळ आहे. मी वरणाचं पातेलं उतरवून खाली ठेवलं आणि विळी घ्यायला वळले. त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जो डाग आहे, तो तेव्हाचा. तुला त्यानं सांगितलं होतं, लहानपणी भाजलं. कसं भाजलं ते त्यालाही माहीत नाही. मी आणि जाऊबाई पुढे किती वर्षं एका घरात राहिलो, पण चूक कुणाची हा विषय एकदाही काढला नाही. त्याही गेल्या. मी हे पहिल्यांदा तुला सांगितलं.

'जाऊ दे आई, तुझी काय चूक,' असं काही तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी पुन्हा कधी बोलले नसते. तू विचारलंस, "त्या दिवशी कुणी कुणाला सांगितलं होतं का, बाळ तुझ्याकडे आहे म्हणून?"

"घरात असं कोण सांगतं?"

"आम्ही सांगतो," तू म्हणालीस. "आमच्याकडे प्रत्येक कामात एकजण पुढे असतो, दुसरा त्याच्या मदतीला मागे. आकाशातलं काही असेल तर कोलोरॅडो पुढे, इथले मागे. हत्यारांच्या निरोपाचं असेल तर उलटं. काम बदललं की जागा बदलते. पण दोघं पुढे असं नसतं, आणि दोघं मागे असं तर नसतंच. ते आधी कागदावर ठरवून ठेवतात, कारण वेळ आल्यावर भांडायला वेळ नसतो."

आणि मग खुर्चीचं सांगितलंस. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला एकेक काम सांगतो. येणारा नुसतं हो म्हणत नाही. काय घेतलं ते बोलून दाखवतो, माझ्याकडे आलं म्हणतो. तो तसं म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं खुर्ची सोडायची नाही. कितीही दमलेला असला तरी.

ते आपल्या घरात कधी शिरलं ते कळलंच नाही. तू बाथरूमकडे जाता जाता ओरडायचीस, "आई, दूध तुझ्याकडे!" मी म्हणायचे, "हं." तू दारातून डोकं बाहेर काढायचीस. "हं नाही चालत."

"बरं बाई. दूध माझ्याकडे आलं."

इरा अडीच वर्षांची असताना टबातून ओरडली, "आजी, डक माझ्याकडे आलं!" मंदार वैतागायचा. "हे घर आहे की बेस?" तू म्हणायचीस, "घरच आहे, म्हणून तर." दूध कधी उतू गेलंच नाही असं नाही. पण गेलं तर कुणाकडे होतं ते माहीत असायचं, आणि जिच्याकडे होतं ती पुसायची. मनात ठेवण्यासारखं काही उरायचं नाही. मला हे आधी माहीत असतं तर जाऊबाईंशी मी किती वेगळी राहिले असते.

आपलं दुसरं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हटलं होतं, "असला निरोप पोचलाच नाही तर बरं ना? बिघडू दे की लिंबू."

तू चिडलीस. तुला चिडलेलं मी क्वचित पाहिलं. "आई, 'नको' हाही निरोपच असतो. 'थांबा' हे पोचवायलासुद्धा तीच लाइन लागते. ती तुटली तर पलीकडचा माणूस अंधारात बसून काय करेल, सांग."

मी म्हटलं, "मग हत्यारंच नकोत."

"मलाही नकोत. पण आहेत."

तू रागानं कुकरला दोन शिट्ट्या जास्त दिल्यास आणि भाताचा लगदा झाला. तो आपण तसाच खाल्ला. त्यानंतर अधूनमधून आपण हे भांडण उकरून काढायचो, तू थोडी पुढे यायचीस, मी थोडी मागे जायचे, पण मला ते पूर्ण पटलं नाही. अजून पटलेलं नाही, केतकी. एवढं मात्र कळतं, की तू घरातून निघालीस की कुठेतरी एक लाइन चालू राहायची, आणि तेवढ्यानं मला त्या भोंग्याची भीती वाटेनाशी झाली.

मग गेल्या हिवाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं सगळं मी इथे लिहीत नाही. ते इंजेक्शनांचे महिने, तुझे केस, तुझ्या अंगाला लटकणारा तो गणवेश, जो तू कपाटात न ठेवता दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवला होतास. ते सगळं मंदारला तोंडपाठ आहे.

सप्टेंबरात डॉक्टरांनी उपचार थांबवले. तू घरी आलीस. आडवं पडलं की दुखायचं, म्हणून खिडकीजवळच्या त्या मागे झुकणाऱ्या खुर्चीतच दिवस काढायचीस. एका सकाळी तू कागद मागितलास. पेन नीट धरवत नव्हतं, तरी मला लिहू दिलं नाहीस. वर मथळा घातलास, 'पुढे कोण, मागे कोण'. खाली ओळी. शाळा: पुढे मंदार, मागे आई. इराचे केस: पुढे आई, मागे मंदार, आणि कंसात 'वेणी मंदारने शिकायची'. ताप आला तर: पुढे मंदार. मराठी: पुढे आई. पोहणं: पुढे मंदार, आईने काठावर उभं राहून ओरडायचं नाही. तेव्हा मला हसू आलं होतं.

शेवटची ओळ लिहून तू कागद माझ्याकडे दिलास. 'इराला माझ्याबद्दल सांगणं: पुढे आई, मागे मंदार.'

मी म्हटलं, "हे मंदारचं काम आहे."

"मंदार रडेल. मग इरा त्याला समजावत बसेल. ती विचारणंच बंद करेल."

"मला इंग्रजी येत नाही. ती मराठी बोलत नाही."

"तिला समजतं. तुलाही समजतं."

"मी चार माणसांत बोलत नाही, केतकी."

"ती चार नाही. एकच आहे." तू डोळे मिटलेस. "लिंबाचं तू विचारलंस ना? कुणीच विचारलं नव्हतं. ज्यानं विचारलं त्यालाच माहीत आहे. म्हण आता."

मी म्हटलं, "पेज गार होतेय." आणि उठले.

दुसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा मी तुझी शाल धुवायला टाकली. तिसऱ्यांदा तू फक्त फ्रिजकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मला फोन आल्यासारखं वाटलं, असं मी म्हटलं. फोन आला नव्हता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते. मी उठून जायचे ते कामाला घाबरून नाही. मला खुर्चीचं आठवत होतं. येणारा म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं खुर्ची सोडायची नाही. तू नियमाची पक्की. मला वाटलं, मी म्हटलंच नाही, तर तू उठणारच नाहीस.

घरी येणारी नर्स म्हणाली होती, आता दोन दिवस, फार तर तीन. तू नऊ दिवस काढलेस. नर्स रोज यायची आणि रोज तिला आश्चर्य वाटायचं. मला वाटायचं नाही. मी मनात म्हणायचे, बघ, बसली आहे. पण चौथ्या दिवसापासून तू कण्हायला लागलीस, आणि औषध वाढवलं तरी तुझ्या कपाळावरची आठी जायची नाही. मी ती आठी अंगठ्यानं पुसायचे, आणि तरी ते दोन शब्द म्हणायचे नाही.

त्या नऊ दिवसांतल्या सहाव्या दिवशी इराचा पुढचा दात पडला. ती धावत आली, तू डोळे उघडलेस, तिच्या तोंडात वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "अगं, खिडकी!" इरानं त्या खिडकीतून जीभ बाहेर काढून दाखवली. तू हसलीस. तुझं शेवटचं हसणं तिनं पाहिलं ते असं. तो दिवस मी मिळवला, असं मला कधी वाटतं. आणि मग ती आठी आठवते, आणि वाटतं, बाकीचे पाच दिवस मी तुला बसवून ठेवलं. मंदारला इतकंच म्हटलं की तिला फार त्रास झाला रे. तो म्हणाला, "आई, तो आजार होता, कुणाच्या हातात नव्हतं." बरोबर असेल. माझी खात्री नाही.

नवव्या दिवशी सकाळी तू माझ्याकडे बघितलंस. मंदारनं तुझा हात धरला होता, मी पाय चोळत होते. मला वेळ होता. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "पाणी हवं का?" तुझ्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. थोड्या वेळानं मंदारनं नर्सला हाक मारली.

निरोपाच्या दिवशी तुझी कर्नलबाई आली होती. तिनं सैनिकाच्या घरच्यांना देतात तो त्रिकोणी घडी घातलेला झेंडा मंदारच्या हातात दिला, त्याच्यासमोर वाकून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मंदारनं मान हलवली. मग ती माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले. "मेजर सून," एवढंच म्हणाली. मला तिला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे असं झालं तर काय करता? जाणाऱ्यानं सांगितलं, येणाऱ्यानं म्हटलंच नाही, आणि जाणारा गेला, तर ते काम कुणाकडे राहतं? मंदारला इंग्रजीत विचारायला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

टेक्सासच्या शुगर लँडहून आलेले तुझे आई-वडील दहा दिवस राहून गेले. घर रिकामं झालं. तुझ्या खुर्चीत कुणी बसत नाही. इरा तिच्या बाजूनं वळसा घालून जाते.

काल ती शाळेतून एक कागद घेऊन आली. घरातलं कोण काय काम करतं, ते वर्गात सांगायचं आहे. तिनं मंदारला विचारलं, "बाबा, व्हॉट डिड ममा डू?" मंदार 'एक मिनिट हं' म्हणून बाथरूममध्ये गेला आणि नळ सुरू केला. इरा थोडा वेळ दाराबाहेर उभी राहिली. मग स्वयंपाकघरात आली, तो कागद चारदा दुमडला आणि मला कानात सांगितलं, "आजी, बाबा इज क्रायिंग अगेन. इट्स ओके. आय वोंट आस्क."

तू सांगितलं होतंस ते अक्षरशः तसंच झालं.

माझे हात कणकेचे होते. ते धुतले. मिठाचा डबा काढला, साखरेचा काढला, फ्रिजमधून लिंबू घेतलं. तिला ओट्यावर बसवलं. लिंबू डब्यांच्या वर धरलं. मग बोलायला लागले.

तिनं सगळं ऐकलं. तू जसं सांगितलं होतंस तसंच मी सांगितलं, माझ्या मराठीत. ती इंग्रजीत विचारत होती. "सो हू इज द बॉस?"

"कधी हा डबा, कधी तो. पण एका वेळी एकच."

"लाइक यू अँड बाबा."

"हो."

"अँड ममा वॉज द लेमन?"

"नाही गं." मी एक चमचा घेतला, मिठातून काढला आणि साखरेत उभा केला. "ममा म्हणजे हा चमचा. या डब्यातली, पण बसायची त्या डब्यात."

"ईऊ, साखर खारट होईल," ती म्हणाली. मराठीत, केतकी. आणि हसली. ती खिडकी दिसली.

मग तिनं बॉम्बचं विचारलं. मी म्हटलं, "त्या हत्यारांजवळ बसलेल्या माणसांना 'थांबा' सांगायचं असेल, तर ते ऐकू गेलं पाहिजे ना? ते ऐकू जातंय का, हे तुझी ममा बघायची." आपल्या भांडणातली तुझी बाजू मी सांगितली. माझी बाजू नाही सांगितली. ती मोठी झाली की सांगेन, आणि तेव्हा तू मध्ये बोलायला नसशील.

"वॉज शी गुड ॲट इट?"

"एवढी चांगली होती, की घरात दूध गॅसवर असलं तरी बोलून दाखवायला लावायची."

"आय नो दॅट वन!" ओट्यावरून उडी मारून ती खाली उतरली. तो चारदा दुमडलेला कागद उलगडून हातानं सरळ केला. फ्रिजसमोर जाऊन थोडा वेळ वर बघत उभी राहिली. तिला अजून मराठी वाचता येत नाही, पण तो कागद काय आहे ते तिला माहीत आहे. मग तिनं अगदी तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "ओके. फॉर्म बाबाकडे. ममाची स्टोरी आजीकडे." मी "हं" म्हटलं.

"हं नाही चालत, आजी."

तिच्या तोंडातून ते ऐकलं आणि मी वळून बघितलं. बाथरूममधला नळ बंद झाला होता, मंदार दारात उभा होता. त्याच्या देखत, तोंड वर करून, मी म्हटलं. इराचं समाधान झालं आणि ती खेळायला गेली.

तिला म्हटलं, पण ज्या बाईनं मला काम दिलं तिला म्हणायचं राहिलंच आहे. म्हणून आज मंदार इराला पोहायला घेऊन गेला आहे, तेवढ्यात वही घेऊन खिडकीजवळ बसले आहे. तुझ्या खुर्चीत नाही, तिच्या शेजारी, खाली गालिच्यावर. बाहेर ऊन आहे. तू मला नियम सांगितलास आणि मी त्याचा वापर तुला अडकवून ठेवायला केला. मला माफ कर. एवढीच एक गोष्ट माझ्या हातात आहे असं तेव्हा वाटलं होतं, आणि ती सोडवत नव्हती. तू मला सहा वर्षं दिलीस, ज्यांत माझं बोलणं कुणीतरी ऐकून घेतलं. त्याच्या बदल्यात मला दोन शब्द म्हणता आले नाहीत.

आता मोठ्यानं म्हणते. घरात कुणी नाही, तरी म्हणते.

इराचे केस माझ्याकडे आले. मंदारला वेणी शिकवणं माझ्याकडे आलं. मराठी माझ्याकडे आली. पोहताना काठावर ओरडायचं नाही, ते लक्षात आहे. तुझ्याबद्दल इराला सांगणं माझ्याकडे आलं. पुढे मी आहे, मागे मंदार आहे.

फार वेळ बसलीस गं, केतकी. ऊठ आता.